पुणे ३० सोडताना

स्मरणिकेसाठी आपल्या तुकडीची नावे-पत्त्यांची यादी करण्याचे काम संपादक मंडळाने माझ्यावर सोपवले. बँकेत अडतीस वर्षे काढलेल्या बाईला याद्यांचा कंटाळा येत नाही, असा त्यांचा समज असावा. यादी करता करता मी एक जास्तीचा उद्योग केला. १९७७ साली आपण दहावी झालो तेव्हाचे पत्ते एका बाजूला लिहिले आणि आजचे दुसऱ्या बाजूला. डावीकडे जवळपास सगळीकडे पुणे ३०, पुणे २, पुणे ११. उजवीकडे ३८, ४५, ५१, ३७, २८ आणि अधूनमधून न्यू जर्सी किंवा मेलबर्न. दोन्हीकडे तोच आकडा असलेले आपण बोटांवर मोजण्याइतके उरलो आहोत, आणि मी त्यांच्यात नाही.

देशात पिनकोड सुरू झाला १५ ऑगस्ट १९७२ रोजी. आपण तेव्हा सहावीत होतो. सहा आकडे लिहायला शिकलो, पण तोंडात राहिले ते ‘पुणे तीस’च. सदाशिव आणि नारायण पेठेचे ते जणू आडनाव होते. एका पिढीत इतके लोक पेठांतून उठून बाहेर गेले, त्याचा इतिहास कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. तो आपणच घडवला असल्यामुळे कदाचित आपल्याला तो इतिहास वाटतही नाही. इतिहासाच्या तासाला सर सांगत, की ‘काय झाले’ हे लिहिलेत तर अर्धे गुण, ‘का झाले’ हे लिहिलेत तर उरलेले अर्धे. राहिलेले अर्धे गुण मिळवायचा हा प्रयत्न.

पेठ आपोआप होत नाही

पुणे वाढले ते नेहमी कोणीतरी ठरवून वसवले म्हणून. आदिलशाही फौजेने उद्ध्वस्त केलेल्या कसब्यात जिजाबाई आणि बालशिवाजी येऊन राहिले, लाल महाल उभा राहिला आणि गाव पुन्हा नांदते झाले. पहिल्या बाजीरावाने १० जानेवारी १७३० रोजी शनिवारवाड्याचा पाया घातला आणि २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत केली. त्यानंतर राजधानीला शोभेल असा पसारा वाढत गेला. सदाशिवरावभाऊंच्या नावाने सदाशिव पेठ, नारायणरावांच्या नावाने नारायण पेठ, नाना फडणवीसांची नाना पेठ. नवी पेठ वसवायची तर व्यापाऱ्यांना, कारागिरांना सवलती देऊन बोलावत. नानासाहेबांच्या काळात कात्रजच्या तलावातून दगडी नळाने पाणी शहरात आणले गेले आणि ते हौदाहौदांतून वाटले गेले. आधी पाणी, मग वस्ती, हा क्रम लक्षात ठेवू या. पुढे तो उलटा झालेला दिसेल.

इंग्रजी अमलात वाढीची दिशा बदलली. पूर्वेला लष्कर वसले. १८५८ साली मुंबईकडून आगगाडी पुण्यापर्यंत आली. नदीपलीकडे भांबुर्ड्याच्या माळावर १८९५ साली फर्ग्युसन कॉलेज स्वतःच्या इमारतीत गेले. १९०० साली धोंडो केशव कर्वे यांनी आपला आश्रम हिंगण्याला एका झोपडीत हलवला. विधवांना शिकवणे गावातल्या पुष्कळांना रुचत नव्हते आणि गावात प्लेगही होता. आज त्या हिंगण्याला कर्वेनगर म्हणतात आणि आपल्या यादीतल्या पाच-सहा जणी तिथे राहतात. गावात ज्याला जागा नाही त्याने गावाबाहेर जागा करायची, ही रीत इतकी जुनी आहे.

तरीही आपल्या आजोबांच्या काळात नदीपलीकडे राहणे म्हणजे हौस होती. डेक्कन जिमखान्यावर बंगला बांधणारे मोजके. बाकीचे पुणे नदीच्या अलीकडेच राहत होते.

१२ जुलै १९६१

आपल्या तुकडीतले निम्मे लोक पानशेतच्या वर्षी जन्मलेले. मी चार महिन्यांची होते. त्या दिवशी सकाळी आंबी नदीवरचे बांधकाम चालू असलेले पानशेतचे मातीचे धरण फुटले. तो लोंढा खडकवासल्याच्या जुन्या धरणाला सोसवला नाही आणि तेही फुटले. नारायण, शनिवार, कसबा या नदीकाठच्या पेठा आणि पलीकडचा जिमखाना पाण्याखाली गेला. आईने मला पदरात बांधून पर्वतीकडे धाव घेतली, ही गोष्ट घरी इतक्यांदा सांगितली गेली की मला ती आठवते असेच वाटते.

पूर ओसरल्यावर एक विचित्र प्रकार झाला. खडकवासला रिकामे झाल्याने शहराचे नळ कोरडे पडले आणि पेशवाईतले हौद, वाड्यांतल्या विहिरी पुन्हा कामाला आल्या. जुन्या शहराने त्या दिवसांत नव्या शहराला पाणी पाजले.

पण मातीच्या भिंतींचे वाडे पाण्याने बसले ते बसलेच. पूरग्रस्तांसाठी सरकारने घाईने वसाहती उभारल्या. गोखलेनगर, सहकारनगर, पर्वती पायथा, दत्तवाडी ही नावे पुणेकरांच्या तोंडी रुळली ती यानंतर. पूरग्रस्तांच्या सहकारी संस्थांना जमिनी मिळाल्या. ‘सोसायटी’ हा शब्द मध्यमवर्गीय पुणेकराच्या घरात बहुधा याच वाटेने शिरला. पेठेबाहेर राहिले म्हणून जात बाटत नाही, सणवार अडत नाहीत आणि पीएमटीची बस मिळते, हे पहिल्यांदा कळले ते पुराने बाहेर काढलेल्यांना. पुढे आपण सगळे स्वखुशीने गेलो, पण पायवाट त्यांनी पाडली होती.

भाडे, नळ आणि मागचे दार

आमचे घर पुरातून वाचलेल्या एका वाड्यात होते. दोन खोल्या, भाडे अकरा रुपये. मी नोकरीला लागले तेव्हाही अकराच. वाड्यात चौदा बिऱ्हाडे आणि मागच्या बाजूला संडास दोन. मित्रमंडळी वाड्याच्या आठवणी काढतात तेव्हा चौकातले क्रिकेट, गणपतीतली नाटके आणि गच्चीवरच्या गप्पा निघतात. एखाद्या मैत्रिणीला विचारा. ती पहाटे साडेचारला नळाला लावलेल्या बादल्या सांगेल, पाळीच्या दिवसांत मागच्या दारी रांगेत उभे राहण्याचा संकोच सांगेल, आणि नव्या सुनेला नवऱ्याशी बोलायला जिन्याखेरीज जागा नव्हती हे सांगेल. आमच्या आईने कोथरूडच्या घरात पाऊल टाकल्यावर प्रथम संडासाची कडी आतून लावून पाहिली. देवघर नंतर.

भाडे अकरावर का थांबले होते, याचे उत्तर १९४७ च्या मुंबई भाडे नियंत्रण कायद्यात आहे. युद्धानंतरच्या घरटंचाईत भाडेकरू रस्त्यावर येऊ नये म्हणून तो केलेला. प्रमाण भाडे १ सप्टेंबर १९४० च्या पातळीला बांधले गेले. कायदा काही वर्षांसाठीचा समजला जात होता, पण मुदतवाढ मिळत मिळत तो अर्धशतक टिकला. नवा महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा अमलात आला ३१ मार्च २००० रोजी आणि त्यात वर्षाला चार टक्के वाढ मालकाला मिळू लागली. अकरा रुपयांचे चार टक्के किती होतात, ते गणिताच्या बाईंच्या आशीर्वादाने सर्वांना काढता येईल.

आमच्या वाड्याच्या मालकांचा मुलगा आपल्याच वर्गात होता. त्याच्या आईला सगळा वाडा मालकीणकाकू म्हणायचा, पण पावसाळ्यात कौले फिरवायची तर चौदा भाड्यांची बेरीज गवंड्याच्या दोन दिवसांच्या मजुरीला पुरत नसे. भाडेकरू म्हणत, वाडा मालकाचा, मालकाने दुरुस्त करावा. मालक म्हणत, राहता तुम्ही, तुम्ही करा. मग तुळई वाकली की टेकू लावायचा आणि टेकू लावला की त्याला दोरी बांधून कपडे वाळत घालायचे. दोन्ही बाजूंची माणसे सज्जन होती. कायद्याने मालकाला दुरुस्तीत रस उरू दिला नव्हता आणि भाडेकरूला बाहेर पडण्यात. आजही दर पावसाळ्यापूर्वी महापालिका धोकादायक वाड्यांना नोटिसा लावते, त्या नोटिशीमागे हे साठ-सत्तर वर्षांचे अडलेले गणित असते.

कागद ज्याचा, त्याला कर्ज

मग गणित सुटले कसे? इथे मला माझ्या टेबलाबद्दल सांगावे लागेल.

ज्या वर्षी आपण दहावी झालो त्याच १९७७ साली हसमुखभाई पारेख यांनी एचडीएफसीची स्थापना केली. घरासाठी पगारदाराला हप्त्याने कर्ज देणे हाच धंदा असलेली संस्था तोवर आपल्याकडे नव्हती. वडिलांच्या पिढीने घर बांधले ते निवृत्तीच्या फंडातून, वयाच्या साठीला. आपल्या पिढीने घेतले ते तिशीत, पुढच्या वीस वर्षांच्या पगारावर. हळूहळू इतर बँकाही या धंद्यात उतरल्या आणि नव्वदच्या दशकात आमच्या शाखेतले घरकर्जाचे टेबल माझ्याकडे आले.

अर्जावर दोन रकाने असत. ‘सध्याचा पत्ता’ आणि ‘घ्यावयाच्या घराचा पत्ता’. पहिल्यात पेठ, दुसऱ्यात कोथरूड, वारजे, धायरी, बिबवेवाडी, औंध. रोज तेच. या उलट अर्ज क्वचितच येई, आणि आला तर मला बहुधा परत पाठवावा लागे. कारण बँकेला गहाण ठेवता येईल असा कागद लागतो. भाडेकरूच्या नावावर खोली नसते. मालकाच्या नावावर वाडा असतो, पण उताऱ्यावर अकरा वारस, त्यातले दोन परदेशी आणि एक दाव्यात. दुरुस्तीला कर्ज द्यावे तर भाड्याच्या उत्पन्नातून हप्ता निघत नाही. उलट, कोथरूडच्या नव्या इमारतीला मंजूर नकाशा असतो, बिगरशेती आदेश असतो, विक्रीचा नोंदलेला करार असतो. तीन आठवड्यांत धनादेश. पेठांचे दुखणे मला त्या टेबलावर समजले. पेठ जुनी झाली म्हणून ओस पडली, असे लोक म्हणतात. बँकेचा पैसा पेठेत शिरायला कागदी वाटच नव्हती, आणि ज्या बाजूला वाट होती तिकडे शहर वाहत गेले.

वाहून नेणाऱ्या दुसऱ्या गोष्टीही होत्या. पिंपरीला १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मागोमाग टेल्को आणि बजाज ऑटो. पिंपरी-चिंचवडची नगरपालिका १९७० ची आणि महापालिका १९८२ ची. नोकरी तिकडे गेल्यावर लक्ष्मी रोडपासून चालत जाण्याच्या अंतरावर राहण्याचे कारण उरले नाही. सायकलींच्या शहरात लुना आली, मग स्कूटर आली. नंबर लावून वर्षानुवर्षे थांबल्यावर मिळालेल्या स्कूटरवर दोन मुले, नवरा-बायको आणि गॅसचे सिलिंडर कोथरूडपर्यंत सहज जाई. पेठेत ती लावायला जागा नव्हती.

गुंठे आणि टँकर

आपल्या वर्गात धायरीहून सायकलने येणारा एक मित्र होता. त्याच्या डब्यातल्या भाकरीवर आपण सगळे टपलेले असू. उपनगराची गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली तर वेगळी होते. आपण ‘गावाबाहेर’ गेलो, त्याच्या गावात आपण शिरलो.

१९७६ च्या नागरी जमीन कमाल मर्यादा कायद्याने पुण्यात एक हजार चौरस मीटरपेक्षा जास्त मोकळी जमीन ठेवायला बंदी केली. हेतू चांगला होता, गरिबांना घरांसाठी जमीन मिळावी. जमीनधारकाला मात्र सरकार घेण्याआधी ती विकून टाकण्याची घाई झाली, आणि शहराच्या कडेची शेते गुंठ्या-गुंठ्याने विकली गेली. रस्ता किती रुंद, गटार कुठे, शाळेची जागा कोणती, हे विचारायला कोणी नव्हते. २००१ साली गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा आला तोवर धनकवडी, वडगाव शेरी भागात गल्ल्यांचे जाळे पक्के झाले होते. हडपसरला याचे उलट उदाहरणही घडले. मगर मंडळींसह शंभरावर शेतकरी कुटुंबांनी सुमारे चारशे एकर जमीन तुकड्यांनी न विकता एकत्र केली, स्वतःची कंपनी काढली आणि मगरपट्टा उभारला. म्हणजे दुसरा मार्ग शक्य होता. तो घ्यायला एकमेकांवर विश्वास असलेली शंभर घरे लागतात, एवढेच.

मग हिंजवडीत राजीव गांधी आयटी पार्क आले, २००२ मध्ये मुंबईचा द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि बाणेर, बालेवाडी, वाकडची शेते दहा-पंधरा वर्षांत संपली. १९९१ साली पुणे महापालिकेच्या हद्दीत साडेपंधरा लाखांच्या आसपास माणसे होती. २०११ साली ती एकतीस लाखांवर गेली. वीस वर्षांत दुप्पट. १९९७, २०१७ आणि २०२१ असे तीनदा आसपासची गावे महापालिकेत आली आणि हद्द पाचशे चौरस किलोमीटरच्या पुढे गेली. धायरीचा आपला मित्र आता घरबसल्या पुणेकर झाला आहे. त्याच्या इमारतीच्या दारात उन्हाळ्यात पाण्याचा टँकर उभा असतो. पेशव्यांनी आधी नळ आणला आणि मग पेठ वसवली. आपण आधी बारा मजले चढवतो आणि मग नळाची वाट पाहतो.

मध्यवस्तीचे पुढे काय?

अमेरिकेतल्या शहरांबद्दल आपली परदेशी मंडळी सांगतात, की तिथे उपनगरे वाढल्यावर जुनी बाजारपेठ ओस पडली आणि सायंकाळी सहानंतर रस्त्यावर कोणी नसे. आपल्याकडे तसे झाले नाही. तुळशीबागेत आजही पाय ठेवायला जागा नसते. अप्पा बळवंत चौक, तपकीर गल्ली, बोहरी आळी, नाना पेठेतला गाड्यांच्या सुट्या भागांचा बाजार, सगळे गजबजलेले. आपल्याकडे दुकान राहिले आणि त्याच्या वरचे घर गेले. खालच्या मालाची खोकी वर चढली. रविवार पेठेत रात्री नऊनंतर वर पाहा, दिवा लागलेली खिडकी शोधावी लागते.

शहराचे लक्षही बराच काळ दुसरीकडे होते. स्मार्ट सिटी योजनेच्या जानेवारी २०१६ च्या पहिल्या यादीत पुण्याचा दुसरा क्रमांक आला, तेव्हा नमुना म्हणून विकसित करायचा भाग निवडला गेला तो औंध-बाणेर-बालेवाडी. जिथे रस्ते आधीच रुंद होते तिथे पदपथ आणखी रुंद झाले. पेठांत मात्र पुनर्बांधणीच्या वाटेत वेगळेच अडसर. शनिवारवाडा केंद्रीय संरक्षित स्मारक असल्याने २०१० च्या कायदा-दुरुस्तीनुसार त्याच्या भोवती शंभर मीटरपर्यंत नवे बांधकाम करता येत नाही आणि पुढच्या दोनशे मीटरांत परवानगी लागते. स्मारक राखायलाच हवे. पण त्या शंभर मीटरांत टेकू लावलेल्या घरात राहणाऱ्याला पाडूनही बांधता येत नाही आणि विकूनही जाता येत नाही. अहमदाबादने आपल्या जुन्या पोळांसह २०१७ साली जागतिक वारसा शहराचा मान मिळवला, कारण त्यांनी वारसा म्हणून एका इमारतीकडे न पाहता राहत्या वस्तीकडे पाहिले. आपला शनिवारवाडा १८२८ च्या आगीनंतर कोणाच्या राहण्याचा नाही. भोवतीच्या वाड्यांत माणसे आहेत.

आशेची कारणेही आहेत. २९ सप्टेंबर २०२४ पासून मेट्रो जमिनीखालून जिल्हा न्यायालयापासून स्वारगेटला जाते आणि मध्ये कसबा पेठ आणि मंडई ही स्थानके लागतात. ज्या गल्लीत रिक्षा वळत नाही तिच्या तोंडाशी आता पिंपरीहून थेट उतरता येते. दरवर्षी ११ डिसेंबरला लक्ष्मी रोड दिवसभर वाहनांना बंद करून पादचारी दिन साजरा होतो. गेल्या खेपेला मी मुद्दाम गेले. रस्त्याच्या मधोमध चालताना दुकानांच्या वरचे लाकडी कठडे दिसले, जे चाळीस वर्षांत गाडी चुकवण्याच्या नादात दिसले नव्हते.

आणि पेठांत नवी माणसे आलीही आहेत, फक्त आपले त्यांच्याकडे लक्ष गेलेले नाही. सदाशिव, नारायण आणि नवी पेठेतल्या उरलेल्या वाड्यांत लातूर, बीड, नांदेड, बुलढाण्याहून स्पर्धा परीक्षांसाठी आलेली मुले-मुली राहतात. एका खोलीत चौघे, खाली खाणावळ, कोपऱ्यावर अभ्यासिका. रांग लावून आंघोळ करतात, गच्चीवर पुस्तक घेऊन बसतात. त्यांचे भाडे अकरा रुपये नाही, आणि कुठला कायदा त्यांना धरून ठेवत नाही. परीक्षा झाली की ती जातात. त्यांच्यातल्या कोणाला नोकरी लागल्यावर, लग्न झाल्यावर याच पेठेत, आतून कडी लागणारे संडास असलेल्या दोन खोल्या परवडतील का, हा मला पेठांच्या भवितव्याचा खरा प्रश्न वाटतो. रोषणाई, दगडी फरसबंदी, वारसा फेऱ्या हे सगळे होऊ दे. पण त्यासाठी आधी वाड्याचे कागद सरळ व्हायला हवेत. चार-पाच लहान वाडे एकत्र करून बांधायला मुभा हवी, भाडेकरूला हक्काची जागा आणि मालकाला योग्य मोबदला हवा, आणि बँकेच्या टेबलावरून असा अर्ज परत जाता कामा नये.

हे आपल्याशी जोडलेले आहे ते शाळेमुळे. आपल्या वेळी एका इयत्तेच्या सहा तुकड्या भरत आणि मुले चालत येत. आता तुकड्या कमी झाल्यात. शाळा तीच आहे, शिक्षक कष्ट घेतात, पण भोवतालच्या गल्ल्यांत पाच वर्षांची मुलेच राहत नाहीत. माजी विद्यार्थ्यांच्या देणग्यांतून नवी प्रयोगशाळा होईल. पहिलीचा वर्ग देणगीतून भरत नाही.

तेव्हा एक विनंती. या स्मरणिकेच्या शेवटी एक कोरे पान मुद्दाम ठेवायला सांगितले आहे. त्यावर प्रत्येकाने आपल्या वाड्याचा घर क्रमांक, बिऱ्हाडे किती, भाडे किती, घर कोणत्या साली आणि का सोडले, आणि आज त्या जागी काय आहे, एवढे लिहावे. मालक होतात की भाडेकरू, हेही लिहावे, आता भांडण उरलेले नाही. मैत्रिणींनी ‘का सोडले’ हा रकाना नवऱ्याला भरायला देऊ नये. पाने स्नेहसंमेलनाच्या दिवशी कचेरीसमोरच्या टेबलावर माझ्याकडे द्या. गुरुजनांपैकी ज्यांना लिहिणे अवघड जाते, त्यांच्या घरी मी स्वतः येऊन लिहून घेईन. मी कोथरूडला राहते, वनाझहून मेट्रो आहे.